मेंढ्यावरचा आळ

हरणाबाईच्या हाताला डोळे आहेत असं लोक म्हणायचे. ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, म्हणजे तिला ते फार आवडायचं. वडूजच्या पुढच्या माळावरचं तिचं गाव, पण वर्षातले सात-आठ महिने ती गावात सापडायची नाही. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा बिराप्पा दीडशे मेंढरं, दोन घोडी आणि भुंकण्यात पटाईत पण राखणीत आळशी असं एक कुत्रं घेऊन कडेगावच्या बाजूला, उसाच्या मुलखात उतरायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि रानाचा मालक त्या बदल्यात धान्य द्यायचा. मग जेठात माघारी माळावर. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातली चाळीस वर्षं तिनं अशी चालण्यात काढली होती.

संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की कोकरं सोडायच्या आधी ती एकेकीच्या कासेखाली हात घालायची. तापलेली कास वेगळी, नुसती भरलेली वेगळी, आणि दगडी होऊन आत गाठ धरलेली वेगळी. डोळे मिटून सांगायची. दुसऱ्या कळपाचे धनगर मेंढी खांद्यावर टाकून तिच्याकडे यायचे, ती हात फिरवायची आणि एकच शब्द बोलायची. ‘सुधरंल’ म्हणाली तर माणूस हसत परत जायचा. ‘बाजार’ म्हणाली तर मान खाली घालून जायचा, आणि येत्या आठवडी बाजारात ती मेंढी विकायचा. कास गेलेली मेंढी कोण पोसणार? हरणाबाईचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एवढ्या कासा तपासणाऱ्या बाईनं स्वतःच्या छातीवर मात्र कधी नीट हात फिरवला नव्हता. उघड्या रानातली तिची अंघोळ म्हणजे दोन घोड्यांच्या आडोशाला अंगावरच्या लुगड्यासकट ओतून घेतलेले चार तांबे. आणि आडोसा असता तरी तिनं तो हात फिरवला असता असं नाही.

दुखायला लागलं ते संक्रांतीच्या सुमारास. डाव्या छातीत, काखेकडच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा. कुणी सुई घालून दोरा ओढतंय असं. दोन दिवस दुखायचं, एक दिवस गप्प बसायचं, परत दुखायचं. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा ते कारण नव्हतं. ओझं उचललं म्हणावं तर ओझं ती रोजच उचलत होती. तिनं त्या जागेशी अबोला धरला. आपण बोललो नाही तर तीही बोलायची थांबेल असा तिचा हिशेब.

बिराप्पाला सांगायचं तिच्या मनात दहादा आलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी मेंढरांचे रोग, घोड्यांचे नखरे, भावकीतली भांडणं, सगळं बोलून काढलं होतं. पण ‘माझ्या छातीत दुखतंय’ हे वाक्य त्यांच्यात कधी आलंच नव्हतं. त्या जागेसाठी नवरा-बायकोत शब्दच नव्हता, मग सांगणार कसं? आणि शब्द सापडला असता तरी भीती होतीच. ती लहान असताना माहेरी अर्जुनाकाकी होती. तिच्या छातीला काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते कुणी म्हणायचं नाही. काकी घराच्या मागच्या सोप्यात निजायची, छातीला फडकं बांधलेलं असायचं, आणि हरणाबाईच्या आईनं पोरींना बजावून ठेवलं होतं की तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही. एके दिवशी काकी नव्हती. तिच्याविषयी पुढं कुणी बोललं नाही. हरणाबाईला ते फडकं मात्र पन्नास वर्षांनीही दिसायचं.

अशा वेळी तिच्या मदतीला आला फौजी. मदत कसली, पण तेव्हा तिला तसं वाटलं.

फौजी म्हणजे एक मेंढा. आदल्या वर्षी ते लालासाहेबांच्या रानात उतरले होते तेव्हा एक मेंढी रात्री व्याली आणि सकाळपर्यंत मेली. लालासाहेब हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले बागायतदार, उसाचा मळा, आणि बोलणं अजून परेड घेतल्यासारखं. त्यांची बायको साळूबाई हरणाबाईच्याच वयाची, मनानं मऊ. तिनं गोठ्यातल्या जर्सी गाईचं दूध बाटलीत भरून महिनाभर रोज आणून दिलं. कोकरू जगलं. चार पाय ताठ करून उभं राहायला लागलं तेव्हा लालासाहेबांनी त्याचं नाव फौजी ठेवलं. आईच नसल्यामुळं त्यानं हरणाबाईलाच आई धरलं. ती भाकरी थापायला बसली की पाठीला पाठ लावून बसायचा. वर्षभरात शिंगं वळली, मान जाड झाली, तरी ही सवय गेली नाही.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, परत त्याच लालासाहेबांच्या खालच्या रानात, हरणाबाई वाकून मेंढरांभोवतीची जाळी बांधत होती. फौजी दुसऱ्या एका मेंढ्यावर धावून गेला, तो मेंढा हुशारीनं बाजूला झाला, आणि टक्कर बसली हरणाबाईच्या उजव्या कमरेला. बाई पालथी पडली. बिराप्पा हातातलं टाकून पळत आला. कैक वर्षांत तो तिच्यासाठी असा पळाला नव्हता.

“हरणे, कुटं लागलं?”

उजवी कमर सुन्न झाली होती. ती ‘कमरंला’ म्हणणार होती. पण तिचा हात आपोआप वर गेला आणि डाव्या छातीवर बसला.

“हितं,” ती म्हणाली.

खोटं बोलायचं ठरवून ती बोलली नव्हती. हात आधी गेला, मन मागनं गेलं. पण मन तिथं पोचलं आणि त्याला ती जागा फार सोयीची वाटली. दोन महिने जे तोंडातून बाहेर पडत नव्हतं ते आता उजळ माथ्यानं सांगता येत होतं. मेंढ्यानं मारलंय म्हटल्यावर छातीचं नाव घ्यायला लाज कसली? बिराप्पाला सांगितलं, साळूबाईला सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या धनगरणींनाही सांगितलं. आपोआप दुखणारी छाती आणि मार लागून दुखणारी छाती यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पहिलीला अर्जुनाकाकीचं फडकं होतं. दुसरीला नुसती आंबेहळद.

“मुका मार हाय,” सगळे म्हणाले. “मुका मार लय दिस दुखतो.”

मग आंबेहळदीचा लेप झाला. तापलेल्या विटेचा शेक झाला. साळूबाईनं मिलिटरी कँटीनमधलं मलम दिलं, ते संपलं. शेवटी बिराप्पा तिला रस्त्यावरच्या गावातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. दारातूनच तो म्हणाला, “डाक्टरसायब, मेंढ्यानं छातीत मारलंय.” डॉक्टरांनी हरणाबाईकडे बघून मान हलवली, तिला एक प्रश्न विचारला नाही, तपासायचं तर नावच नाही, आणि गोळ्या लिहून दिल्या. “मुका मार आहे, वेळ लागतो,” तेही म्हणाले. गोळ्या दुखणं मारणाऱ्या होत्या. त्यांनी आठ-दहा दिवस बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यानंच सगळा घात केला. हरणाबाईलाही वाटायला लागलं की खरंच मेंढ्यानं छातीत मारलं असेल. पडताना कुठं काय लागलं, माणसाला काय नीट आठवतं का? संक्रांतीचं दुखणं ती हळूहळू विसरत गेली, म्हणजे विसरल्याचं सोंग स्वतःपुढं चांगलं वठवायला लागली.

चैत्रात दुखणं परत डोकं वर काढायला लागलं, आणि बिराप्पाचा राग त्याच्या वरताण. एरवी हा माणूस शांत, मेंढराला शिवीसुद्धा मायेनं देणारा. पण बायको रात्री कूस बदलताना कण्हते हे त्याच्यानं ऐकवेना, आणि राग काढायला समोर फौजी होता.

“ह्येला म्हसवडच्या बाजारात न्यायचा,” तो म्हणाला. “आज तुला मारली, उद्या कुणाच्या पोराला मारंल.”

“ल्हान हाय त्यो अजून,” हरणाबाई म्हणाली.

“ल्हान न्हाई, माजलाय.”

एका वाक्याचं काम होतं. ‘त्येनं कमरंला मारली, छातीत न्हाई.’ एवढं म्हटलं असतं की फौजी सुटला असता. पण मग बिराप्पानं पुढं विचारलं असतं, मग छातीत काय झालंय? ते वाक्य तिच्या जिभेवर आलं, आणि तिनं ते गिळलं.

टेम्पो आला तेव्हा फौजी चढेना. बिराप्पा आणि टेम्पोवाला मागनं ढकलत होते, तो चार पाय रोवून उभा. लालासाहेबांनी नाव बरोबर ठेवलं होतं. शेवटी बिराप्पा म्हणाला, “हरणे, तू चढ. तुज्यामागनं यील.” ती चढली. फौजी एका उडीत तिच्यामागं चढला आणि तिच्या मांडीला डोकं घासत उभा राहिला. मग ती खाली उतरली आणि टेम्पोवाल्यानं फळी लावली. बाजारात घेणारा व्यापारी मेंढा कुठं नेतो हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी ती भाकरी थापायला बसली आणि पाठीमागं कुणी नव्हतं. तिला इतकं वाईट वाटलं की तिनं पीठ तसंच परातीत ठेवून दिलं.

फौजी गेल्यावर दुखणं जाईल अशी तिला वेडी आशा होती. आळ घेऊन गेलाय तर आजारही घेऊन जाऊ दे. दुखणं गेलं नाही. वैशाखात एकदा कालव्याच्या कडेला पाणी भरपूर होतं, बिराप्पा मेंढरांमागं लांब गेला होता, बाभळीचा आडोसा होता. अंघोळ करता करता तिनं डोळे मिटले आणि जसा मेंढीच्या कासेखाली घालते तसा हात डाव्या छातीवर नेला. तो हात चाळीस वर्षांचा कसलेला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. काखेच्या बाजूला, आत, एक कठीण जागा होती. बोटांखालून सरकत नव्हती. मेंढी असती तर तिनं क्षणात शब्द उच्चारला असता. तो शब्द तिच्या ओठांवर आलाही. पदर घेऊन ती घाईघाईनं घोड्याजवळ गेली आणि कारण नसताना त्याचं खोगीर सोडून परत बांधत बसली.

जेठात ती माघारी गावी आली. घरी मुलगा अमृत, सून प्रांजल आणि दहा वर्षांची नात सृष्टी. अमृत खंडाळ्याच्या बाजूला कंपनीत कामाला होता, आठवड्याला घरी यायचा. प्रांजल बारावी शिकलेली, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. बोलायला गोड, पण मापाच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. ‘गेल्या सालचंच माप हाय, तसंच शिव’ असं म्हणणाऱ्या बाईलाही ती उभी करून टेप लावायची. सासूलाही तिनं तसंच उभं केलं.

“आत्या, हात वर करा.”

उजवा वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. प्रांजलनं टेप फिरवली, मापांच्या वहीत गेल्या वर्षीचा आकडा बघितला, परत टेप फिरवली. मग उठून तिनं दार लावून घेतलं.

“डावी बाजू गेल्या सालापेक्षा कमी भरतीया. बघू मला.”

“काय बघायचं त्यात? मेंढ्यानं मारलंय. मुका मार हाय.”

“बघू.”

सून सासूला असं कधी बोलली नव्हती. हरणाबाईनं भिंतीकडे तोंड करून पदर बाजूला केला. प्रांजलनं बघितलं. डावीकडचं बोंड आत ओढलं गेलं होतं, आणि त्याच्या बाजूच्या कातडीवर लिंबाच्या सालीवर असतात तशी बारीक बारीक खळगी होती. तिनं पदर परत सासूच्या खांद्यावर नीट टाकला.

“आत्या, मेंढ्यानं मारलं तवा काळंनिळं झालं हुतं का हितं?”

हरणाबाईनं पदर घट्ट ओढून घेतला.

“मुका मार तीन-चार महिनं ऱ्हातो व्हय? आन् त्यानं बोंड आत जातं व्हय? सरकारी दवाखान्याच्या आशाताई परवा बायकांच्या बैठकीत ह्येच सांगत हुत्या. आमी सगळ्या खाली बघून हसत हुतो.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सोमवारी मिरजंला जायचं. ह्यांस्नी फोन करते.”

“तुज्या मामांस्नी काय सांगणार हायस?”

“तुमीच सांगा,” प्रांजल म्हणाली.

हरणाबाईनं काही सांगितलं नाही. बिराप्पाला एवढंच कळलं की मुका मार हटत नाही म्हणून मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. तो धुतलेला फेटा बांधून तयार झाला. अमृतला रजा मिळाली नाही, प्रांजल घर आणि सृष्टीची शाळा बघायला थांबली, आणि म्हातारा-म्हातारी दोघं एसटीनं मिरजेला गेली. वाटेत बिराप्पा तीनदा म्हणाला की त्या मेंढ्याला कोकरू असतानाच मरू द्यायला हवं होतं. हरणाबाई खिडकीबाहेर बघत होती. तिला वाटलं, हा माणूस माझ्यापायी एका मुक्या जिवाला शिव्या घालतोय आणि मी ऐकतेय.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, केस आखूड. त्यांनी दोघांना बसवलं आणि विचारलं, “मावशी, कधीपासून दुखतंय?”

“शिमग्यापासनं,” बिराप्पा म्हणाला. “मेंढ्यानं छातीत मारलं, डाक्टरीणबाई.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. हरणाबाई त्या पेनाकडे बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं जाणार हे तिला कळत होतं. मार लागला. मग परत गोळ्या, परत शेक, वेळ लागतो. संध्याकाळच्या गाडीनं घरी. किती सोपं. आणखी एक महिना फडकं लांब राहील.

“बाई, ते लिहू नगा,” ती म्हणाली.

पेन थांबलं.

“मेंढ्यानं उजव्या कमरंला मारलं हुतं. ह्ये त्येच्या आदीचं हाय. संक्रांतीपासनं दुखतंय. एकाच जागी. आत घट्ट लागतंय हाताला.”

बिराप्पानं तिच्याकडे बघितलं. मग तो जमिनीकडे बघायला लागला आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं तेव्हा मुकाट्यानं उठून गेला.

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यामागं नेऊन तपासलं. फोटो काढायला लावले, सुईनं तुकडा घेतला. मग समजावून सांगितलं. “मावशी, छातीत पुष्कळ जणींना दुखतं, आणि बहुतेक वेळा ते साधंच असतं. दुखलं की कॅन्सर असं नाही. पण एकाच बाजूला, एकाच जागी, पाळी गेल्यावर, आणि जातच नाही, असं असेल तर दाखवायचंच. न दुखणारी गाठ लागली तरी दाखवायचं. आणि मेंढ्याच्या मारानं हा आजार होत नाही. मारामुळं फक्त तिकडं लक्ष जातं.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला नेमका अंदाज आला.”

बाहेर बाकावर बिराप्पा बसला होता. फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला होता. ती शेजारी बसली.

“संक्रांतीपासनं?” तो म्हणाला.

“व्हय.”

“मग फौजीला का इकला आपण?”

“आवं, मला तुमास्नी सांगायला कायतरी कारण पायजे हुतं.”

“नुसतं सांगितलं असतंस तर?”

“तर तुमी काय म्हणला असता?”

बिराप्पानं खरंच विचार केला. “काय की,” तो म्हणाला आणि रडायला लागला. भर दवाखान्यात, फेट्यात तोंड खुपसून. हरणाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. कुणासमोर नवऱ्याच्या अंगाला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ.

रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच. काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला, पण त्यापुढं नाही. “तुम्ही संक्रांतीला आला असता तर पुष्कळ सोपं गेलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही.” श्रावणात ऑपरेशन झालं, डावी छाती काढली. मग तीन-तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. प्रांजलनं तिच्यासाठी पुढं हुक असलेले सैल ब्लाऊज शिवले आणि डाव्या बाजूला कापसाची घडी ठेवायला आतून खिसा दिला. परक्या घरातून आलेली ती सून हरणाबाईला त्या दिवसांत लेकीपेक्षा जवळची वाटली, आणि तिनं तसं तिला बोलूनही दाखवलं.

गावात मात्र बिराप्पानं सगळ्यांना सांगितलं की मेंढ्याच्या माराची गाठ झाली होती, ती काढली. लोकांना ते पटलं. हरणाबाईनं ऐकलं आणि ती काही बोलली नाही. डॉक्टरीणबाईंसमोर एकदा खरं बोलून तिची हिंमत संपली होती. आणि गावाला सांगून काय मिळणार होतं? फौजी तर गेलाच होता.

दिवाळीनंतर बिराप्पा पुतण्या ज्योतिबाला सोबत घेऊन मेंढरांमागं गेला. हरणाबाई पहिल्यांदाच गावात राहिली. औषधं संपली, डोक्यावर कोकराच्या लोकरीसारखे बारीक केस उगवले, आणि फाल्गुनात डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर ती चार दिवसांसाठी एसटीनं कडेगावला उतरून लालासाहेबांच्या रानात आली. मेंढरांनी तिला ओळखलं. फौजीची जागा आता दुसऱ्या मेंढ्यानं घेतली होती.

साळूबाईनं तिला घरी बोलावलं, पाट दिला, चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. गोठ्यात जर्सी रवंथ करत उभी होती, तिच्याकडे बघून साळूबाई म्हणाली, “ह्या गाईला आता काढायची म्हणत्यात आमचे सुभेदार.”

“का वं वयनी? दूध आटलं?”

“दूध हाय की. पर लाथ मारती. दिवाळीच्या आदी धार काढताना मारली मला. तवापासनं दुखतंया.” तिनं आवाज खाली केला. “हितं.”

तिचा हात उजव्या छातीवर होता.

“मुका मारच हाय,” साळूबाई घाईनं म्हणाली. “तुज्या मेंढ्यासारखं. तुजं एवढं वाढलं म्हणून म्या शेक देतीया रोज.”

हरणाबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. आपण बोललेलं ते खोटं अजून जिवंत होतं, वर्षभर या घरात राहून मोठं झालं होतं, आणि आता दुसऱ्या बाईच्या छातीवर हात ठेवून बसलं होतं. तिला स्वतःचा विलक्षण संताप आला.

“वयनी, माज्या मेंढ्यानं मला छातीत मारलंच न्हवतं,” ती म्हणाली. “त्येनं कमरंला मारलं, ते बी चुकून. छातीत आदीपासनं दुखत हुतं. मला सांगायची लाज वाटली, भ्या वाटलं, म्हणून म्या त्येच्यावर घातलं. मला ठावं हुतं आन् तरी म्या त्येला टेंपूत चढवला.”

साळूबाईनं आपला कप बाजूला सारला.

“लय जणींचं साधंच असतं, डाक्टरीण म्हणली. तुमचं बी साधंच असंल. पर बघितल्याबिगार कसं कळायचं? मला एकच सांगा. जर्सीनं लाथ मारली त्येच्या आदी दुखत हुतं का न्हाई?”

बाहेर लालासाहेब कुणाला तरी पाण्याच्या पाळीवरून ओरडत होते. साळूबाईनं दाराकडे बघितलं, मग गाईकडे बघितलं. तिचा हात अजून छातीवर तसाच होता. पदराचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाला गुंडाळत ती बराच वेळ गप्प बसली. हरणाबाईनं तिला घाई केली नाही. ती गप्प का बसली आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“आदीपासनं,” साळूबाई म्हणाली. “नवरात्रापासनं.”

हरणाबाई उठली. पदर खोचला. “उद्या सकाळच्या गाडीनं मिरजंला जाऊ. म्या येते संगट. सुभेदारांस्नी तुमी सांगताय का म्या सांगू?”

“तूच सांग,” साळूबाई म्हणाली, आणि मग जरा वेळानं, “न्हाई. मीच सांगते.”

“सांगा. आन् गाय इकू नगा म्हणावं,” हरणाबाई म्हणाली.